सहाव्या स्क्रूखालची वायर

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल असे वाटत नाही, आणि पाहिले असेल तरी लक्षात ठेवले नसेल. जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठा, राखाडी पत्र्याचा एक जुना टर्मिनल बॉक्स आहे मी. मला रूप नाही, आवाज नाही, माझ्यावर साधा दिवाही लुकलुकत नाही. झाकणाची एक बिजागरी गंजली आहे आणि गेली सात वर्षे माझ्याकडे एकही वायर येत नाही. एका कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या खणात, जाडजूड फायलींच्या शेजारी मी पडून असतो. मला भंगारात का काढले नाही, ते पुढे कळेलच.

आधी माझे काम सांगतो. माझ्या पोटात पितळी स्क्रूंच्या दोन रांगा आहेत, एक ते सोळा आकडे लावलेल्या. बाहेरच्या यंत्रावरून वायरी येतात आणि एकेका स्क्रूखाली दाबून बसवल्या जातात. तिथून एक चपटी केबल संगणकातल्या मोजणाऱ्या कार्डाकडे जाते. यंत्र तापले की त्याला चिकटवलेल्या वायरीच्या टोकाशी विजेचा अगदी क्षीण अंश तयार होतो, मुंगीच्या पावलाइतका. तो मी कार्डाच्या हाती देतो, कार्ड त्याचा आकडा करते आणि आकडा पडद्यावर उमटतो. मी स्वतः काहीच मोजत नाही. मी निरोप्या. निरोप जसा आला तसा पोहोचवावा, पदरचे काही घालू नये, एवढाच माझा धर्म.

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. पत्रा कापला, वाकवला, भोके पाडली, रंग मारला. एका बाईने माझ्या पोटात आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि "हा झाला" म्हणून मला बाजूला सरकवले. मग मी एका मोठ्या कारखान्यात आलो. तिथे भट्ट्यांना हवा पुरवणारे ब्लोअर बनत. ब्लोअर म्हणजे तुमच्या शाळेच्या खोलीएवढा लोखंडी पंखा. तो बाहेर पाठवण्याआधी चाचणीच्या शेडमध्ये सहा तास सलग फिरवून बघत. भिंतीलगत काचेची एक खोली होती, तिथे पडदा होता. यंत्राभोवती जमिनीवर पिवळी रेघ मारली होती, आणि यंत्र फिरत असताना ती कोणी ओलांडायची नाही असा नियम होता. मला रेघेच्या आतल्या खांबावर बसवले.

मला बसवले ते शेडच्या वायरमनने. त्याचे खरे नाव हजेरीच्या पुस्तकातच राहिले, सगळे त्याला ओढेमामा म्हणत. स्क्रूखाली वायर दाबली की तो ती दोन बोटांत धरून हळूच ओढून बघे. निघाली नाही तर मान हलवून पुढच्या वायरीकडे वळे. सोळा वायरी, सोळा वेळा ओढणे, त्यात कधी खंड नाही. त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे शेडचा फिटर. तो म्हणे, "मामा, घराचं फाटक लावूनही तू असाच ओढत असणार. म्हणून तर तुझं फाटक तीन वर्षांत दोनदा निखळलं."

"निखळलं, पण उघडं राहिलं नाही," मामा म्हणे.

फिटरचा हात यंत्रावर असे, आणि कान तर हाताहून जास्त. त्याच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचे टोक पंख्याचा दांडा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत गोळ्या कशा फिरताहेत ते त्याला ऐकू येई. "हे पोट साफ आहे," असे म्हणून तो उठे. दुपारी दोघे माझ्या खांबाला टेकून डबा खात. एकाच्या डब्यातले दुसऱ्याच्या डब्यात कधी जाई, ते दोघांनाही कळत नसे.

पहिल्याच महिन्यात माझ्यामुळे मामा हैराण झाला. मोठी मोटार सुरू झाली की माझे सगळे आकडे नाचू लागत. वायरीभोवती तांब्याची जाळी असते, ती बाहेरची विजेची कुजबुज अडवते. आधीच्या कोणीतरी ती जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली होती. मामाने आठ दिवस डोके खाजवले आणि एक टोक सोडले. आकडे शांत झाले. "पहारेकरी एकाच दारात उभा करावा," तो फिटरला म्हणाला. "दोन्ही दारांत उभा केला की तोच चोरांना वाट दाखवतो."

पण खरी गोष्ट पुढची आहे, ती नीट ऐका. एकदा चाचणी चालू असताना उंदराने एक वायर कुरतडली. वायर तुटून हवेत लोंबत होती, आणि पडद्यावर मात्र तिच्या नावाने चाळीस अंश असा सुरेख आकडा दिसत होता. मामा ती लोंबणारी वायर हातात धरून पडद्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

असे का झाले, ते मी सांगतो. कार्डाकडे मोजणारा एकच असतो. तो पहिल्या दाराशी जातो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असा पळत पळत सोळा दारे हिंडतो. एखाद्या दाराआड कोणीच नसले, तर मागच्या दारावर जे मिळाले त्याचेच उरलेसुरले त्याच्या हातात असते, आणि तेच तो या दाराच्या नावावर लिहून टाकतो. तो लबाड नाही आणि मीही नाही. पण दार रिकामे आहे, हे सांगायला आमच्याकडे तोंड नाही.

मामाने त्यावर उपाय शोधला. रंगीत पट्ट्यांचे मण्यांसारखे सोळा रेझिस्टर आणले आणि प्रत्येक स्क्रूखाली वायरीच्या जोडीला एकाचा पाय दाबला, दुसरा पाय किंचित वीज देणाऱ्या एका तारेला जोडला. आता वायर सुटली की तिचा आकडा झपकन तीनशेवर उडे, भोंगा वाजे आणि यंत्र आपोआप थांबे. रिकाम्या दाराला त्याने ओरडायला शिकवले, असे म्हणा ना. हे त्याने फक्त फिटरला सांगितले. कागदावर कुठेही लिहिले नाही. लिहिणे हा त्याचा प्रांतच नव्हता.

वर्षे गेली. शेकडो ब्लोअर माझ्यासमोर फिरले आणि गेले. तीन-चार वेळा वायरी सुटल्या, भोंगा वाजला, मामाने येऊन नीट केले. बाहेरून आलेली माणसे म्हणत, "जुना बॉक्स आहे, पण चोख आहे." वाईट एवढेच झाले की माझ्या सहाव्या स्क्रूचे आटे झिजले. मामाला ते ठाऊक होते. वायर आणि रेझिस्टरचा पाय असे दोन मिळून स्क्रूखाली असत, म्हणून पकड टिकून होती. "सहाव्याचं दुखणं आहे, पण चालतंय," असे तो स्वतःशीच पुटपुटे.

मग एके दिवशी शेडमध्ये मामाची मुलगी आली. शिकून इंजिनिअर झाली होती, आणि मोजमापाचे सगळे काम तिच्याकडे दिले होते. ती आत आली तेव्हा मामा हातातली पक्कड खाली ठेवून उभा राहिला. "या मॅडम," तो म्हणाला. शेडमधले सगळे हसले. ती लाजली आणि म्हणाली, "बाबा, असं नका ना करू." फिटरने तिला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवले होते. ती त्याला काका म्हणे. तो म्हणाला, "घरी पोरगी, इथं मॅडम. शिस्त म्हणजे शिस्त." त्या दिवशी डबा खाताना मामा जवळजवळ काहीच जेवला नाही. त्याचे पोट दुसऱ्याच गोष्टीने भरले होते.

मुलगी गुणी होती, हे मी मुद्दाम सांगतो. तिला गर्व नव्हता. माझे झाकण ती हलक्या हाताने उघडे, धूळ कुंचल्याने झाडे. मला वापरणारे पुष्कळ झाले, पण मला पुसणारी तीच.

एक मोठे गिऱ्हाईक आले. त्यांच्या तपासनिसाने स्वतःचा तापमापक आणला होता. त्याचा आकडा आणि आमचा आकडा यांत सव्वा अंशाचा फरक निघाला. अर्ध्या अंशाहून जास्त फरक चालणार नाही, असे म्हणून त्याने सही करायला नकार दिला. मुलीने तीन दिवस शोध घेतला. वायरी तपासल्या, कार्ड बदलून पाहिले, आणि शेवटी माझ्या पोटातल्या त्या मण्यांपाशी आली. त्यांच्यातून वाहणारी थोडीशी वीज लांबलचक बारीक वायरींमधून जाताना आकडा सव्वा अंशाने वाढवत होती. तिचा हिशेब अगदी बरोबर होता.

मामा तेव्हा शिडीवर उभा राहून केबल बांधत होता. शेडचे साहेब आणि आणखी चार-सहा जण खाली उभे होते. मुलीने विचारले, "बाबा, हे रेझिस्टर कोणी लावलेत?"

"मीच. जुनी गोष्ट आहे."

"कशासाठी?"

मामा सांगायला वळला, तेवढ्यात साहेब हसून म्हणाले, "मामांचं काहीतरी जुगाड असणार. काढून टाका हो."

चार माणसे हसली. त्यांच्याबरोबर मुलगीही किंचित हसली. त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण मामाचा चेहरा मी पाहिला. त्याने केबलची गाठ आवळली आणि म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं. काढायचे तर काढा."

मुलीला ती परवानगी वाटली. फिटर त्या दिवशी रजेवर होता, नाहीतर त्याने सांगितले असते; परतल्यावरही मणी काढल्याचे त्याला कोणी कळवले नाही. तिने एकेक मणी काढला आणि प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळला. सहाव्याखाली आता एकटी बारीक वायर राहिली. स्क्रू फिरला, थांबलाही. पण झिजलेल्या आट्यांत तो आवळल्याचा नुसता भास होता. मुलीने वायर ओढून बघितली नाही. ती बापाची सवय होती, तिला कोणी शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमचा आकडा तपासनिसाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. त्याने सही केली. साहेबांनी मुलीचे सगळ्यांसमोर कौतुक केले. मामा त्या वेळी दुसऱ्या शेडमध्ये काम काढून गेला होता.

पुढच्या दीड महिन्यात पाच ब्लोअर फिरले. प्रत्येक हादऱ्याने सहावी वायर केसाएवढी सरकत होती. मला ते कळत होते. मित्रांनो, कळून सांगता न येणे, यासारखे दुसरे दुःख नाही.

मग तो दिवस आला. त्या वर्षीचा सर्वांत मोठा ब्लोअर चाचणीला होता. काचेच्या खोलीत मुलगी, साहेब आणि गिऱ्हाइकाची माणसे बसली होती. सकाळपासून सगळे सुरळीत चालले होते. पंख्याच्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, दोन टोकांना दोन बेअरिंगे, त्यांच्या वायरी माझ्या पाचव्या आणि सहाव्या स्क्रूखाली. यांतले कोणतेही बेअरिंग नव्वद अंशांच्या वर गेले की यंत्र आपोआप थांबणार, अशी योजना होती.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी सहावी वायर स्क्रूखालून निसटली. आवाज झाला नाही. ती तिथेच, स्क्रूपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, उभी राहिली. मोजणारा पाचव्या दारावरून बावन्न अंश घेऊन निघाला, सहाव्या दाराशी आला, तिथे कोणी नव्हते. त्याने बावन्न लिहिले.

"दोन्ही बेअरिंगं किती सारखी चालली आहेत," असे खोलीत कोणीतरी म्हणाले.

मामा त्या दिवशी बाहेर विजेच्या खोलीत होता. फिटर पिवळ्या रेघेबाहेर स्टुलावर बसला होता. अडीचच्या सुमारास तो उठला. मान तिरकी करून ऐकले, मग रेघ ओलांडून आत आला. स्क्रूड्रायव्हर सहाव्या वायरीच्या बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली. डोळे मिटले आणि लगेच उघडले. तो काचेच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दार उघडे राहिले म्हणून मला बोलणे ऐकू आले.

"पोरी, त्या टोकाचा आवाज कोरडा येतोय."

"काका, आकडा बावन्न आहे. दोन्हीकडे बावन्न."

"आकडा असेल. आवाज कोरडा आहे."

तिने पडद्याकडे पुन्हा पाहिले. तिच्या मागे गिऱ्हाइकाची माणसे होती. यंत्र मध्येच थांबवले तर सहा तासांची चाचणी पहिल्यापासून करावी लागली असती. ती म्हणाली, "फक्त चाळीस मिनिटं राहिलीत, काका. संपली की लगेच उघडून बघू. मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

फिटरने स्क्रूड्रायव्हर बगलेत धरला. मग म्हणाला, "बरं. कान म्हातारा झाला असेल माझा."

तो परत स्टुलावर बसला. पण त्याला चैन पडेना. पाच मिनिटे बसला, दहा मिनिटे बसला. मग पुन्हा उठला, पुन्हा रेघ ओलांडली आणि त्याच बेअरिंगपाशी वाकला. या वेळी त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवायच्या आधी हाताचा तळवा जवळ नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तो खोलीकडे वळून हात हलवू लागला. मुलीने ते पाहिले. तिचा हात बंद करायच्या बटणाकडे गेलाही.

दोन वाजून एकावन्न मिनिटांनी बेअरिंग जाम झाले. शाफ्ट पिळवटून तुटला आणि मोटार आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगवरचे जाड पत्र्याचे आवरण उडाले. त्यापुढचे मी सांगणार नाही. फिटरला उचलून नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये निरोप आला आणि सगळी यंत्रे बंद झाली.

त्याच दुपारी मुलगी एकटी शेडमध्ये आली आणि तिने माझे झाकण उघडले. सहावी वायर पाहिली. बोटाने स्क्रू हलवला, तो नुसताच गोल फिरला. ती खांबाशी खाली बसली.  नंतर तिने त्या दिवसाचा आलेख काढला. दोन वीसपर्यंत सहाव्या रेषेची स्वतःची अशी बारीक थरथर होती. दोन वीसनंतर ती पाचव्या रेषेची सावली झाली होती.

मामा आला तेव्हा आलेख तिच्या मांडीवर होता. तिने मान वर न करता विचारले, "बाबा, ते रेझिस्टर यासाठी होते ना?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

मामा जमिनीवर तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "सांगणार होतो. साहेब हसले. तूही हसलीस. मला राग आला. म्हटलं, कळेल तिचं तिला. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी राग गेला, पण मग आपणहून कसं सांगायचं म्हणून राहिलं. त्या सहाव्या स्क्रूचंही सांगायचं राहिलं." त्याने आलेख तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. "माझ्या रुसण्यापायी माझा दोस्त गेला."

मित्रांनो, बाप आणि लेक माझ्या पायाशी बसून रडले. मी पत्र्याचा आहे. पत्र्यालाही काही होत असावे, असे मला त्या दिवशी वाटले.

इकडे साहेबांनी अहवाल लिहायला घेतला होता. फिटरने चालू यंत्राजवळ पिवळी रेघ ओलांडली, हे त्यात पहिल्याच ओळीत होते. ते खोटे नव्हते. पण तेवढेच लिहिले तर सारे खापर मेलेल्या माणसाच्या माथी फुटत होते. मुलगी म्हणाली, "मी सगळं सांगणार."

मामा म्हणाला, "ऐक. रेझिस्टर मी काढले, असं मी सांगतो. लावलेही मीच होते, कोणी शंका घेणार नाही. माझी दीड वर्षं उरलीत. तुझी सगळी नोकरी पुढं आहे."

"आणि काकांच्या घरी काकूंना काय सांगू?"



चौकशीला बाहेरून तिघे जण आले. त्यांच्यासमोर मुलीने मला साक्षीला उभे केले. टेबलावर मला ठेवले, कार्डाला जोडले. पाचवी वायर कढत पाण्याच्या पेल्यात सोडली आणि सहावी वायर हातात उंच धरली. म्हणाली, "ही वायर कशालाच जोडलेली नाही. पडद्यावर बघा."

पाचव्याचा आकडा चढत गेला. पन्नास, साठ, सत्तर. आणि त्याच्या मागोमाग, हात धरून चालल्यासारखा, सहाव्याचा आकडाही चढला. सगळ्यांच्या देखत मी खोटे बोललो. 

मग तिने मामाचा एक जुना मणी सहाव्या स्क्रूला लावला. आकडा तीनशेवर उडाला आणि भोंगा इतक्या जोरात वाजला की साहेब दचकून मागे सरले. तिने भोंगा बंद केला. "हा त्या दिवशी दोन वीसला वाजायला हवा होता," ती म्हणाली. "तो वाजणार नाही, अशी व्यवस्था मी केली होती. आणि काकांनी मला तोंडाने सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. ते रेघ ओलांडून गेले, कारण मी यंत्र थांबवलं नाही."

दाराशी उभा असलेला मामा पुढे आला. "हे का लावले होते ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. तेही लिहून घ्या," तो म्हणाला.

अहवाल बदलला. फिटरवरचा ठपका पुसला गेला. मुलीकडून मोजमापाचे काम काढून घेतले. सगळी कागदपत्रे फायलीत गेली आणि पुरावा म्हणून मीही, गळ्यात चिठ्ठी बांधून, या कपाटात आलो. माझ्या जागी नवा बॉक्स बसला.

मला कपाटात नेण्याच्या आदल्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. फिटरची बायको त्याच्या खणातले सामान न्यायला शेडमध्ये आली. एक सदरा, चष्म्याचे घर, तो लांब स्क्रूड्रायव्हर. पिशवीत भरून ती निघाली, तेव्हा मुलगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, काकांचा कान बरोबर होता. आकडा चुकीचा होता, आणि तो आकडा माझा होता."

काकू म्हणाल्या, "त्यांचा कान बरोबरच असायचा. घरात नळ थेंबभर गळला तरी उठून बसायचे." मग त्यांनी विचारले, "तू तेव्हा यंत्र थांबवलं असतंस तर?"

"तर काका आज इथे असते," मुलगी म्हणाली. तिने त्याला कसलाही मुलामा दिला नाही.

काकूंनी पिशवी खांद्याला लावली. "खरं बोललीस, ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडून आत्ता काही मागू नकोस, बाळ. माझ्याजवळ द्यायला काही नाही."

आणि त्या पिशवी घेऊन गेल्या. 

दोन महिन्यांनी तिने ती नोकरी सोडली. ती आता कुठे असते, कपाटात मला कळत नाही. मामा निवृत्त होईपर्यंत दुपारचा डबा एकटाच खात असे, असे फायली ठेवायला येणाऱ्या कारकुनांच्या बोलण्यातून कळले. आणखी एक कळले. ज्याने जन्मात कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, त्या मामाने नव्या बॉक्सच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे. कोणती वस्तू कुठे लावली आहे, आणि मुख्य म्हणजे का लावली आहे. अक्षर वाकडे आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत. पण नवे माणूस आले की त्याला तो कागद आधी वाचायला लावतात.

मित्रांनो, माझे मागणे लहानसे आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूच्या पोटातले काही काढायचे झाले तर खुशाल काढा, पण ते कोणी आणि कशासाठी ठेवले होते, हे विचारल्यावाचून काढू नका. ज्याला ठाऊक आहे, त्याने राग आला तरी सांगावे. राग दोन दिवसांत जातो. न सांगितलेले जात नाही. आणि पडदा सगळे ठीक आहे म्हणत असताना एखादे माणूस येऊन 'मला काहीतरी वेगळे ऐकू येते' असे म्हणाले, तर उठा आणि जाऊन बघा.

मला ज्या क्षणी काहीच ठाऊक नव्हते, त्या क्षणी मी शेजाऱ्याचे उत्तर माझे म्हणून दिले. माझा इलाज नव्हता, मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. ठाऊक नसेल तेव्हा 'मला ठाऊक नाही' असे म्हणा. त्याची लाज वाटू देऊ नका. त्या दुपारी एवढे एकच वाक्य मला बोलता आले असते, तर एक माणूस संध्याकाळी चालत आपल्या घरी गेला असता.